जूनमधला एकटा पक्षी: उशिरा थांबलाय, की लवकर आलाय?

हा आपल्या पक्ष्यांवरच्या एपिसोडचा लेखी अवतार. ऐकताना नावं आणि तारखा निसटून जातात, म्हणून इथे जरा नीट मांडतोय.

एपिसोडची सुरुवात एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटने झाली होती. त्याचा प्रश्न असा: "दादा, जूनमध्ये ऐरोलीच्या बाजूला खाडीवर एक छोटा किनारपक्षी दिसला. ई-बर्ड ॲपमध्ये टाकायला गेलो तर लाल खूण आली. म्हणजे मी पक्षी चुकीचा ओळखला का?"

छोटं उत्तर: तसं लगेच समजू नकोस. लांब उत्तर खाली आहे, आणि ते जास्त इंटरेस्टिंग आहे.

आधी कॅलेंडर समजून घेऊ

मुंबईत बाहेरून येणारे पक्षी साधारण ऑगस्टपासून यायला लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत निघतात. थापट्या बदक, भोरड्यांचे थवे, धोबी हे सगळे मे अर्धा होईपर्यंत बहुतेक गेलेले असतात.

पण "उशीर" प्रत्येक पक्ष्याचा वेगळा असतो. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, मे महिन्यातही ठाणे खाडीत आरामात दिसतो. त्याचं कारण साधं आहे. त्याची वीण होते कच्छच्या रणात, आणि तिथे पाणी भरतं ते पावसाळ्यात. पाऊस नाही तर घाई कशाला? म्हणजे २० मेचा फ्लेमिंगो लेट नाही, पण २० मेची भोरडी नक्कीच लेट आहे.

याच दिवसांत उलटा ट्रॅफिकही असतो. चातक आफ्रिकेकडून पावसाच्या वाऱ्याबरोबर आपल्याकडे येतो. त्यामुळे "जूनमध्ये पक्षी नसतात" हे वाक्य मुळातच फसवं आहे.

लाल खूण म्हणजे एरर नाही

ई-बर्ड २००२ मध्ये सुरू झालं. अमेरिकेतली कॉर्नेल लॅब ते चालवते. त्यात प्रत्येक भागासाठी, वर्षातल्या त्या त्या काळासाठी, प्रत्येक पक्ष्याची एक मर्यादा ठरवलेली असते. तुम्ही टाकलेला आकडा त्या मर्यादेबाहेर गेला, की ॲप विचारतं: "नक्की का? जरा तपशील द्या."

कोडिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल. फॉर्ममध्ये वय १४० टाकलं तर सिस्टिम थांबवून विचारते ना, तसंच. पुढे ती नोंद स्वयंसेवक तपासतात. पुरावा पुरेसा नसेल तर ती "अनकन्फर्म्ड" राहते. तुमच्या स्वतःच्या यादीतून ती कोणी काढत नाही. त्यामुळे खूण आली म्हणून घाबरून नोंदच पुसायची, हे तेवढं करू नका.

मग तो पक्षी तिथे का होता?

चार शक्यता असतात.

पहिली, तो तरुण आहे. अनेक किनारपक्षी पहिल्या वर्षी वीण करत नाहीत. मग हजारो किलोमीटर उडून उत्तरेला जायचं कशाला? ते उन्हाळाभर इथेच राहतात. मोठ्या किनारपक्ष्यांमध्ये, उदाहरणार्थ कर्ल्यूमध्ये, हे नेहमीचं आहे.

दुसरी, तो जखमी किंवा अशक्त आहे. लांबच्या उड्डाणासाठी अंगावर चरबी साठवावी लागते. ती झाली नाही तर पक्षी मागे राहतो.

तिसरी, तो लेट नाहीच, वादळाने आणलाय. पावसाळी वाऱ्यात खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्यावर येऊन पडतात. मास्क्ड बूबी कोकणच्या किनाऱ्यावर असाच थकलेला सापडतो. तो दुर्मिळ वाटतो, कारण एरवी आपण जमिनीवर असतो आणि तो समुद्रावर.

चौथी शक्यता मला सगळ्यात भारी वाटते: तो लवकर परत आलाय. तुतवार जुलैअखेरपासूनच परतायला लागतात. ज्यांची वीण फसली ते तर आणखी लवकर निघतात. म्हणजे एकाच चिखलावर गेल्या हिवाळ्यातला उरलेला आणि पुढच्या हिवाळ्यातला पहिला, असे दोघे शेजारी उभे असू शकतात!

ओळखायचं कसं? पिसांवरून. वीण करून परतलेल्या प्रौढावर विणीच्या रंगाचे, झिजलेले अवशेष दिसतात. सँड प्लव्हर नराच्या छातीवर तांबूस पट्टा आणि डोळ्याजवळ काळसर मुखवटा उरलेला असतो. इथेच थांबलेला तरुण मात्र बहुधा फिकट, करडा. म्हणून फोटो धूसर असला तरी चालेल, पण काढाच.

आणि हो, एक लेट पक्षी दिसला की लगेच "क्लायमेट चेंज!" असा रील टाकू नका. एका पक्ष्यावरून ट्रेंड निघत नाही. तो निघतो अनेक वर्षांच्या तारखांवरून.

नल आणि झीरो

आता मुद्द्याची गोष्ट. डेटाबेसमध्ये नल आणि झीरो वेगळे असतात. झीरो म्हणजे "बघितलं, नव्हतं". नल म्हणजे "कोणी बघितलंच नाही". पावसाळा लागला की आपण दुर्बीण कपाटात ठेवतो. मग तक्त्यावर जी रिकामी जागा दिसते ती बरीचशी नल असते, पण वाचणारा तिला झीरो समजतो. "सीझन संपला, आता तिथे काही नाही" असं म्हणणं मग सोपं होतं.

याची किंमत काय असते? २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरच्या आकाशात उतरणाऱ्या विमानाला फ्लेमिंगोंचा थवा धडकला आणि तीसहून जास्त पक्षी मेले. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ती रामसर जागा झाली. पण पक्षी नकाशावरची रेघ पाळत नाहीत. भरती आली की ते नवी मुंबईतल्या, उरणकडच्या पाणथळ जागांवर जातात. कुठल्या जागेवर, कोणत्या तारखेपर्यंत पक्षी असतात, हे लिहिलेलं असेल तरच त्या जागेबद्दल कोणी पुराव्याने बोलू शकतं.

तुम्ही काय लिहायचं

- पूर्ण यादी द्या. ओळखलेले सगळे पक्षी लिहिले, की न लिहिलेल्यांचा खरा झीरो मिळतो.
- वेळ, जागा आणि भरती होती की ओहोटी, हे टिपा.
- खूण आली तर दोन वाक्यं पुरेत: पाय, चोच, पिसं कशी होती आणि जवळपासचा दुसरा कोणता पक्षी तो का नव्हता.
- "दुर्मिळ होता" हा पुरावा नाही, काय दिसलं ते सांगा.
- थकलेल्या पक्ष्याच्या मागे फोटोसाठी धावू नका. तो आधीच उरलेल्या बॅटरीवर चाललाय.
- जखमी पक्षी सापडला तर घरी नेऊ नका, वनविभागाला कळवा.

या जूनमध्ये पाऊस उघडला की अर्धा तास खाडीवर जाऊन या. साधे बगळे आणि कावळेच दिसले तरी यादी टाका. तेवढाच एक नल कमी.