आदिलाबादच्या उन्हात उबवणी पेटी

कोंबडीची अंडी उबवायचे यंत्र आता तालुक्याच्या गावातही मिळते. घरी बॉल पायथन हा साप किंवा लेपर्ड गेको ही पाल पाळणाऱ्याला मादीने अंडी घातली, की पहिल्यांदा तेच आठवते. पण ते कामाचे नाही. कोंबडीच्या अंड्याला साधारण 37.5 अंश सेल्सिअस ऊब लागते आणि ते दिवसातून अनेकदा फिरवावे लागते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना या दोन्ही गोष्टी मारक ठरतात. अंडे घातल्यावर थोड्याच काळात आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. पुढे अंडे उलटे झाले तर तो दबून मरू शकतो. म्हणून जाणकार मंडळी अंडे उचलण्याआधी त्याच्या माथ्यावर मऊ पेन्सिलीने खूण करतात आणि तीच बाजू शेवटपर्यंत वर ठेवतात. अजगरवर्गातल्या सापांच्या अंड्यांचा एकमेकांना चिकटून गठ्ठा झालेला असेल, तर ती ओढून सुटी करू नयेत.

तापमानावर यांतल्या काही प्राण्यांत आणखी एक गोष्ट ठरते. लेपर्ड गेकोची अंडी 26 अंशांच्या आसपास ठेवली तर जवळपास सगळ्या माद्या निघतात, 32-33 अंशांना बहुतेक नर, आणि त्याहून वर गेले की पुन्हा माद्या. आपल्या गोदावरीतल्या मगरीचेही असेच आहे. मद्रास क्रोकोडाइल बँकेत झालेल्या अभ्यासात 28 ते 31 अंशांच्या स्थिर तापमानात माद्याच जन्मल्या. नर दिसले ते 32.5 अंशांच्या आसपास. दीड अंशाच्या फरकाने पिल्लू नर की मादी हे ठरत असेल, तर पेटीतला तापमापक अंदाजाने लावून कसे चालेल?

आदिलाबादची हवा या कामाला सोपी नाही. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि डिसेंबर-जानेवारीत तेलंगणातली सर्वांत कडाक्याची थंडी याच भागात पडते. परदेशी पुस्तकांतली पेटी फक्त गरम करण्यासाठी बांधलेली असते, कारण तिकडे खोलीच थंड असते. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोली 38 अंशांवर गेली, की हीटर बंद असूनही पेटी 38 वरच राहते. बॉल पायथनच्या अंड्यांना 31-32 अंश पुरतात आणि दोनेक महिन्यांत ती फुटतात. थोडी थंडी काही तास लागली तर फुटणे लांबते, जीव सहसा जात नाही. जास्त उष्णता मात्र काही तासांतच घात करते. म्हणून इथल्या पेटीत गार करण्याची सोय आधी हवी, गरम करण्याची नंतर.

माझ्या मते यासाठी सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे भंगारातला छोटा फ्रीज. कॉम्प्रेसर गेलेला असला तरी त्याच्या भिंती उत्तम उष्णतारोधक असतात. गार करण्यासाठी पेल्टियर पट्टीचे यंत्र आणि गरम करण्यासाठी कमी वॅटची हीटिंग केबल, दोन्ही एकाच डिजिटल थर्मोस्टॅटवर जोडता येतात. हिवाळ्यापुरते काम असेल तर मासळी ज्यातून येते तो जाड थर्मोकोलचा खोकाही चालतो. थर्मोस्टॅटचा सेन्सर भिंतीला न लावता अंड्यांच्या डब्याशेजारी ठेवावा. तळाशी पाण्याने भरलेल्या बाटल्या आडव्या रचाव्यात. वीज गेली तर पाणी हळूहळू निवते आणि इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत वेळ मिळतो. लोडशेडिंगच्या भागात या बाटल्या यंत्राइतक्याच महत्त्वाच्या.

अंडी थेट पेटीत ठेवत नाहीत. झाकणाला बारीक भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात व्हर्मिक्युलाइट (ओलावा धरून ठेवणारे हलके खनिज) आणि पाणी समान वजनाने कालवतात. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये, इतकाच ओलावा हवा. त्यात अंडी निम्मी पुरतात. चामड्यासारखे मऊ कवच आजूबाजूचा ओलावा शोषते, म्हणून कोरड्यात अंडी पिचकतात आणि पाणी साचले तर कुजतात. हे सगळे मादी अंडी घालण्याच्या आठवडाभर आधी रिकामे चालवून, दोन वेगळ्या तापमापकांनी तपासून घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. ही पेटी फक्त कायदेशीर मार्गाने आलेल्या परदेशी प्राण्यांसाठी आहे. अजगर, घोरपड, तारांकित कासव, नाग यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि त्यांची अंडी बाळगणे हाही गुन्हाच. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाल्यावर बॉल पायथन, इग्वाना अशा आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या यादीतल्या प्राण्यांचीही नोंद सक्तीची झाली. 2024 च्या नियमांनुसार ती परिवेश पोर्टलवर करायची असते, आणि घरात पिल्ले जन्मली तर तीही कळवावी लागतात.

शेतात पाया खणताना अंडी सापडली तर? इंद्रवेल्लीजवळच्या केस्लापूरला पुष्य अमावस्येला मेसराम गोंडांची नागोबा जत्रा भरते, आणि मराठी मुलखातूनही माणसे तिथे जातात. सापाला मानणारा हा भाग आहे. तरी अशी अंडी घरी आणून बल्बखाली ठेवण्याचा मोह टाळावा. शक्य असेल तर जागा पूर्ववत झाकावी आणि वनखात्याला कळवावे. अजगराची मादी स्वतःच अंड्यांभोवती वेटोळे घालते आणि स्नायू थरथरवून ऊब देते. 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात एका मादीवर हे मोजले गेले, तेव्हा तिचे शरीर हवेपेक्षा कित्येक अंश गरम असल्याचे दिसले. तिला हाकलून आपण पेटी मांडली, तर तिच्या तोडीचे काम होणार नाही.

जिथे घरटे खरोखर वाचणार नसते, तिथे हलवण्याचे कामही नीट होऊ शकते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांसाठी किनाऱ्यावरच कुंपण घातले. गावकरी घरटे शोधतात, अंडी हलवतात आणि तेवढ्याच खोल वाळूत पुन्हा पुरतात. तिथे वीज नाही, थर्मोस्टॅट नाही. खोली आणि वाळू जपली की साधारण 50 दिवसांत पिल्ले वर येतात.

घरातल्या पेटीत अंड्याला चीर पडली की हात मागे घ्यावा. पिल्लू डोके बाहेर काढून दिवस-दीड दिवस तसेच राहते, कारण उरलेला बलक पोटात ओढून घ्यायचा असतो. या काळात कात्री लावली तर बलक फुटतो, रक्तस्राव होतो. सापाचे पिल्लू बाहेर आल्यावर आठवड्या-दहा दिवसांत पहिली कात टाकते, आणि मगच त्याला पहिले भक्ष्य द्यायचे असते.