क्रौंच सावरला, फेरेट का अडला?

उत्तर अमेरिकेतील वन्यजीव संरक्षणाच्या गेल्या आठ दशकांचा मागोवा घेताना दोन जीव शेजारी ठेवून पाहावेत: पाणथळीतला पांढराशुभ्र व्हूपिंग क्रौंच आणि गवताळ प्रदेशातला, काळ्या पायांचा छोटा फेरेट. 1941 साली टेक्सासच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात उतरणारे क्रौंच जेमतेम 15-16 उरले होते. फेरेट तर 1979 नंतर नामशेष मानला गेला. 1981 मध्ये वायोमिंगमधील मिटीत्सीजवळ त्याची एक वसाहत सापडली. पण रोगांच्या साथीने तीही कोसळली आणि 1987 पर्यंत उरलेसुरले 18 फेरेट पिंजऱ्यात आणावे लागले. प्रजननाचा हिशेब पाहिला, तर फेरेटच आधी सावरायला हवा होता. त्याची मादी वर्षभरात वयात येते आणि एका वेळी तीन-चार पिल्ले देते. क्रौंच चार-पाच वर्षांनी अंडी घालू लागतो आणि बहुधा एकच पिल्लू वाढवतो. प्रत्यक्षात टेक्सासचा तो थवा आज पाचशेच्या वर गेला आहे. फेरेट मात्र 1991 पासून हजारोंनी सोडूनही रानात काही शेकड्यांतच आहेत.

हा फरक घराचा आहे. क्रौंचाचे हिवाळी ठाणे अरान्सास 1937 पासून राखीव आहे आणि त्याची घरटी 1954 मध्ये सापडली ती कॅनडाच्या वुड बफेलो उद्यानात, म्हणजे 1922 पासून जपलेल्या भूमीत. फेरेट जगतो प्रेअरी डॉग या बिळे करणाऱ्या खारवर्गीय प्राण्यावर आणि राहतोही त्याच्याच बिळात. प्रेअरी डॉगला कुरणाचा शत्रू ठरवून वर्षानुवर्षे विष घातले गेले. वर पिसवांमार्फत पसरणारा प्लेग दोघांनाही मारतो. पिंजरा नसता तर फेरेट उरलाच नसता, हा आक्षेप खरा आहे. पण पिंजरा जीव वाचवतो, वस्ती उभी करत नाही. खुद्द क्रौंचाचाच दाखला आहे: छोट्या विमानामागे उडायला शिकवून 2001 पासून वसवलेल्या पूर्वेकडील थव्यात पिल्ले फारशी जगली नाहीत आणि 2016 मध्ये ती पद्धत थांबवावी लागली. क्रौंचाला सरकारी जमीन लाभली, फेरेटचा संसार पशुपालकांच्या कुरणांत आहे, हेही खरे. म्हणूनच प्रेअरी डॉग राखणाऱ्या पशुपालकांना मोबदला आणि प्रेअरी डॉगना प्लेगची लस, हीच खरी कामे आहेत. 1988 पासून गोठवून ठेवलेल्या पेशींतून 2020 पासून जन्मलेल्या फेरेटच्या क्लोनांमुळे हरवलेली जनुके परत येऊ शकतील, बिळे नाहीत.

हाच धडा आपल्यासाठीही आहे. राजस्थानातील प्रजनन केंद्रांत आज संकटग्रस्त माळढोक पक्ष्याची पिल्ले वाढत आहेत. महाराष्ट्राने त्यांची वाट पाहताना माळढोकाचे जुने घर असलेले नान्नजचे माळरान आधी राखावे.