एका ‘ऱ्य’च्या तीन तऱ्हा

टर्मिनलमध्ये ‘एलएस’ ही आज्ञा दिली की फोल्डरातल्या फाइलींची यादी समोर येते. त्या यादीत ‘पायऱ्या’ नावाची फाइल स्वच्छ दिसते. मग तेच नाव टाइप करून ‘कॅट’ने ती वाचायला जावे, तर अशी फाइलच नाही असे उत्तर मिळते. नाव नीट वाचले, पुन्हा टाइप केले, तरी उत्तर तेच. यात शुद्धलेखनाची चूक नसते आणि फाइलही बिघडलेली नसते. डोळ्यांना एकसारखी दिसणारी ती दोन नावे संगणकाच्या लेखी निरनिराळी असतात.

लिनक्सच्या गाभ्याला सहसा अक्षरे कळत नाहीत. त्याच्यासाठी फाइलचे नाव म्हणजे बाइटांची एक ओळ. त्या ओळीत तिरपी रेघ आणि शून्य बाइट एवढेच वर्ज्य, बाकी काहीही चालते. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीची रचना केली, तेव्हा इतर कोणत्याही अक्षराच्या बाइटांत हे दोन वर्ज्य बाइट येणार नाहीत याची काळजी घेतली. त्यामुळे गाभ्याला हात न लावता जगभरच्या लिप्या फाइलींच्या नावांत आल्या. सोय फार मोठी झाली, पण अक्षरे ओळखायचे काम गाभ्याबाहेरच राहिले.

आता ‘पायऱ्या’तला ‘ऱ्य’ पाहा. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. ते, हलन्त आणि ‘य’ मिळून नऊ बाइट होतात. साधा ‘र’, त्याखाली नुक्ता, मग हलन्त आणि ‘य’ असे लिहिले तर बारा. तिसरी तऱ्हा म्हणजे ‘र’, हलन्त, न दिसणारे जोडचिन्ह आणि ‘य’. तेही बाराच, पण वेगळे. ‘ऱ’ची रीत इस्कीकडून, म्हणजे १९९१ च्या भारतीय मानकाकडून आली. जोडचिन्हाची रीत युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून मान्य झाली. तिन्ही रीतींनी पडद्यावर तोच ‘ऱ्य’ उमटतो.

अशा समान रूपांना एका साच्यात आणण्याच्या क्रियेला नॉर्मलायझेशन म्हणतात. एनएफसी हा साचा शक्य तिथे जोडलेले अक्षर घेतो, एनएफडी ते सुटे करतो. ‘ऱ’ आणि नुक्त्याचा ‘र’ युनिकोडला समान वाटतात, म्हणून एनएफसीत दोन्हींचा ‘ऱ’ होतो. (हिंदीतल्या नुक्त्याच्या ‘ड’चे मात्र उलटे: त्याला स्वतंत्र क्रमांक असूनही एनएफसी त्याला सुटाच करतो.)

गोंधळ वाढला तो यंत्रे एकमेकांशी बोलू लागल्यावर. ॲपलची १९९८ ची एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम प्रत्येक नाव सुटे करूनच साठवायची. ‘ऱ’ लिहून दिलेली फाइल तिथून लिनक्सवर गेली की तिच्यात ‘र’ आणि नुक्ता निघे. कोरियन लोकांना हाच त्रास मॅकवरून विंडोजवर फाइल पाठवताना होत आला आहे. तिथे अक्षरांचे घटक सुटे सुटे मांडलेले दिसतात. त्यांची अडचण निदान डोळ्यांना दिसते. आपली दिसत नाही, म्हणून ती अधिक छळते.

बॅश आणि झेडशेल या दोन्ही शेलांनी मॅकसाठी खास तरतूद केली, की फोल्डरातून वाचलेली नावे आधी जोडून घ्यायची. प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने २०१२ मध्ये तशीच सोय दिली. २०१७ पासून मॅकवर आलेली एपीएफएस दिलेले रूप तसेच ठेवते, पण शोधताना दोन्ही रूपे एकच मानते. मला हीच रीत सर्वांत न्याय्य वाटते: साठवताना लिहिणाऱ्याचे रूप जपावे, तुलना करताना उदार असावे. मात्र लिनक्सवर शेजारी शेजारी नांदणाऱ्या दोन ‘पायऱ्या’ एपीएफएसवर आल्या की एकीला जागा उरत नाही.

उदारपणा जपून करावा लागतो, हे २०१४ मध्ये गिटच्या निमित्ताने दिसले. एचएफएस प्लस नावांची तुलना करताना काही अदृश्य चिन्हे सोडून देत असे. त्यामुळे असे चिन्ह पेरलेले नाव गिटला परके वाटे, पण डिस्कवर ते गिटच्या स्वतःच्या गुप्त फोल्डरात जाऊन पडे, आणि परक्याचा प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर चालवता येई. घाईघाईने दुरुस्ती काढावी लागली.

फाइल सापडेनाशी झाली, तर नाव टाइप करू नये. ‘पाय’ एवढे लिहून टॅब दाबावा किंवा पुढे तारांकन द्यावे. वाद ‘ऱ’चा असतो, ‘पाय’चा नाही. नावात खरोखर काय आहे ते पाहायला ‘एलएस’ची यादी ‘ओडी’कडे सोपवावी, म्हणजे बाइट उघडे पडतात. संपूर्ण संग्रह एका साच्यात आणायला ‘कॉन्व्हएमव्ही’ आहे. ते आधी नुसतेच काय बदलेल ते दाखवते, खरा बदल वेगळे सांगितल्यावरच करते. मॅक आणि लिनक्स यांच्यात नकला करताना ‘आरसिंक’ला दोन्हीकडची रूपे सांगता येतात.

पण मराठीचे काम एवढ्याने भागत नाही. जोडचिन्हाचा ‘ऱ्य’ कुठल्याच प्रमाण साच्यात ‘ऱ’शी जुळत नाही. ‘ॲ’चेही तसेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी ‘अ’वर चंद्र ठेवून भागवत, आणि अजूनही अनेक कळफलक तेच करतात. युनिकोड ही दोन रूपे समान मानत नाही, आणि जुन्या नोंदी बिघडू नयेत म्हणून नॉर्मलायझेशनचे ठरलेले तक्ते बदलायचे नाहीत असा युनिकोडचा नियम आहे. म्हणजे मराठी दस्तऐवजांचा संग्रह ठेवणाऱ्याने एनएफसीनंतर हे दोन बदल स्वतः करायला हवेत: जोडचिन्हाच्या ‘ऱ्य’ला ‘ऱ’चे रूप, आणि चंद्राच्या ‘अ’ला ‘ॲ’. ‘एसईडी’च्या दोन ओळींत हे होते. नवे नाव देताना ‘एमव्ही’ला न पुसण्याचा पर्याय जरूर द्यावा, नाहीतर एका ‘पायऱ्या’वर दुसरी लिहिली जाईल आणि शेल अवाक्षर काढणार नाही. नावांसकट केलेल्या तपासयाद्या असतील, तर त्याही नामांतरानंतर नव्याने कराव्या लागतात.