आयर्लंडमधील न्याय्य खंडनिश्चिती व तीमधील विलंब

आयर्लंडमधील कुळांच्या शेतजमिनींचा न्याय्य खंड न्यायिक मार्गाने ठरवण्याची व्यवस्था 'आयर्लंड भूमी कायदा, १८८१' या कायद्याने निर्माण केली. ग्लॅडस्टन सरकारच्या या कायद्यास २२ ऑगस्ट १८८१ रोजी राजसंमती मिळाली. न्याय्य खंड, कुळाच्या ताब्याची शाश्वती आणि कुळहक्क विकण्याची मोकळीक या भूमी चळवळीच्या तीन प्रमुख मागण्या त्यात मान्य झाल्या. मात्र 'न्याय्य खंड' म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नव्हती.

कार्यपद्धती

जॉन ओ'हेगन, एडवर्ड लिटन व जॉन व्हर्नन या तीन सदस्यांच्या भूमी आयोगाचे कामकाज २० ऑक्टोबर १८८१ रोजी डब्लिन येथे सुरू झाले. पार्नेल त्या वेळी तुरुंगात होते आणि लँड लीगने खंड न भरण्याचे आवाहन केले होते. तरीही काही महिन्यांतच हजारो कुळांनी अर्ज केले. प्रत्येक शेताची पाहणी, साक्षी व निर्णय ही कामे उपआयुक्तांकडे होती. त्यांच्या निर्णयाविरुद्ध मुख्य आयोगाकडे फेरसुनावणी मागता येत असे. निश्चित व्याख्येअभावी प्रत्येक प्रकरणात वादाला वाव राहिला.

विलंबाचे परिणाम

सर्वसाधारण नियमानुसार नवा खंड निर्णयानंतरच्या पहिल्या खंडदिनापासून लागू होई. न्यायालयाच्या पहिल्या बैठकीत दाखल झालेल्या अर्जांना मात्र कायदा अमलात आल्याच्या दिवशी केलेल्या अर्जांप्रमाणे मानले गेले. त्यामुळे उशिरा अर्ज करणाऱ्या कुळाचे प्रकरण जितके रेंगाळे, तितका काळ त्याला जुनाच खंड द्यावा लागे. पहिल्या फेरीत खंड सरासरीने सुमारे एक-पंचमांश कमी झाला, हे पाहता हा भार किरकोळ नव्हता. थकबाकीदार कुळांची स्थिती अधिक बिकट होती, कारण खंड कमी होण्यापूर्वीच त्यांना जमिनीवरून काढले जाण्याचा धोका असे. १८८२ च्या थकबाकी कायद्याने ३० पौंडांपर्यंत मूल्यांकन असलेल्या जमिनींच्या कुळांना दिलासा दिला. एका वर्षाचा खंड कुळाने भरल्यास आधीच्या थकबाकीचा काही भाग सरकार भरी आणि उरलेली रक्कम रद्द होई. मुदतीच्या पट्ट्यावर जमीन कसणाऱ्यांना मात्र १८८७ पर्यंत खंडनिश्चितीचा लाभ सहसा मिळाला नाही.

लवकर निकाल मिळणेही नेहमी लाभाचे ठरले नाही. न्यायिक खंड १५ वर्षांसाठी ठरत असे. १८८५-८६ च्या सुमारास शेतमालाचे भाव घसरले, तेव्हा आधी ठरलेले खंड कुळांना पुन्हा जड झाले. अखेर १८८७ च्या कायद्याने १८८६ पूर्वी ठरलेल्या न्यायिक खंडांत भावांनुसार तात्पुरती सूट देण्याची तरतूद केली.