विटेवरचे नाव

पिरॅमिड म्हणजे राजाचे थडगे, असे आपण शाळेत शिकतो. पण इजिप्तमध्ये एका प्रधानाचाही पिरॅमिड होता, आणि तोही दगडाचा नव्हे, मातीच्या कच्च्या विटांचा, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. या प्रधानाचे नाव खाय. आपल्या मराठी कानाला ते जरा गमतीचे लागते खरे. परंतु दुसऱ्या रामसेस राजाच्या पदरी सुमारे 15 वर्षे वजिरी केलेला हा गृहस्थ म्हणजे काही लहानसहान असामी नव्हती.

वजीर हा राजाच्या खालोखालचा अधिकारी. न्यायनिवाडा, करवसुली, धान्याची कोठारे, शिवाय राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांच्या वस्तीवरची देखरेख, सारे त्याच्याकडे. रामसेसने तर 66 वर्षे राज्य केले! तिसाव्या वर्षानंतर राजाचे महोत्सव पुन्हा पुन्हा होऊ लागले, आणि उत्तरकाळातल्या महोत्सवांची घोषणा करण्याचे काम खायकडे आले. गेबेल एल्-सिलसिलाच्या खडकावर तशी नोंद कोरलेली आहे. कर्नाकच्या देवळाच्या आवारात त्याचे पुतळेही मिळाले. एवढा नामांकित पुरुष, पण त्याची कबर कुठे, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हते.

गिझाचा खुफूचा पिरॅमिड मूळचा सुमारे 146 मीटर उंच. तो बांधला गेला त्यानंतर तेराशे वर्षांनी खाय जन्माला आला. तोपर्यंत राजांनी पिरॅमिड बांधणे सोडून दिले होते. कारण उघड आहे. एवढा मोठा डोंगर उभारून आत सोने ठेवायचे, म्हणजे चोरांना पत्ताच लिहून देणे! मग थीब्जच्या राजांनी नाईलच्या पश्चिमेला, डोंगरांच्या आडोशाला, खडकात भुयारे खोदून आपल्या कबरी लपविल्या. त्या खोऱ्यावर एल्-कुर्न नावाचे शिखर आहे, त्याचा आकार पिरॅमिडसारखाच. राजांना निसर्गाकडूनच आयता पिरॅमिड मिळाला म्हणा ना!

राजांनी टाकलेली ही वस्तू प्रधानांनी आणि कारागिरांनी उचलली. खडकात कबर, तिच्यापुढे अंगण आणि वर विटांचा छोटासा, उभट पिरॅमिड. नाईलचा गाळ आणि गवताचा भुसा मळून विटा पाडायच्या, त्या उन्हात वाळवायच्या, वर गिलावा द्यायचा. कळसाला मात्र दगड, कारण उगवत्या सूर्याचा पहिला किरण तिथे पडावयाचा.

असा एक पिरॅमिड थीब्जजवळच्या शेख अब्द एल्-कुर्ना टेकडीवर बेल्जियमच्या संशोधकांना सापडला. 2013 साली ती बातमी जाहीर झाली. पायाची बाजू 12 मीटर, मूळची उंची 15 मीटर. आपल्या चौमजली चाळीएवढा म्हणायला हरकत नाही. कळसाच्या दगडाचे तुकडे मिळाले. त्यांवर कबरीचा मालक सूर्यदेवतेला नैवेद्य अर्पण करताना दाखविला आहे. पण हा पिरॅमिड कोणाचा, हे सांगितले विटांनी. त्यांवर खायच्या नावाचा ठसा होता.

मृताचे नाव जोवर घेतले जाते तोवर तो जिवंत, असे इजिप्शियन लोक मानीत. नाव पुसणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मारणे. म्हणून तर दगडावर, भिंतीवर, जिथे जागा मिळेल तिथे नाव कोरून ठेवायचे. विटेच्या ठशाला कारागिरीच्या दृष्टीने तशी काय किंमत? ती गिलाव्याखाली झाकलीही जाते. तरी प्रधानाने तो उमटवून घेतला.

इ. स. सातव्या-आठव्या शतकात या जागेवर ख्रिस्ती संन्याशांचा आश्रम झाला, आणि त्या वेळी पिरॅमिड बराचसा मोडला गेला. त्यांच्यापैकी एखाद्याच्या हाती नावाची वीट आली असेलच. त्याने ती पाहिली असेल, पण वाचता येणे शक्य नव्हते. चित्रलिपीतला अखेरचा लेख फिले बेटावर इ. स. 394 मध्ये कोरला गेला. पुढे ती विद्या बुडाली. गंमत अशी की तो संन्यासी बोलत होता ती कॉप्टिक भाषा, म्हणजे खायच्याच भाषेची पणती. भाषा आपली आणि लिपी मात्र परकी! मोडीतले जुने दप्तर हाती आले म्हणजे आपणा मराठी माणसांचीही हीच अवस्था होते. आजोबांचे पत्र आपण उलटसुलट करून पाहतो आणि परत बासनात बांधून ठेवतो.

मात्र या भाषेचे ऋण मोठे. 1822 साली शांपोल्यों या फ्रेंच पंडिताने चित्रलिपीचे कोडे उलगडले, त्या वेळी त्याच्या हाती किल्ली होती ती कॉप्टिकची. ती भाषा संन्याशांनी आपल्या पोथ्यांतून आणि प्रार्थनांतून जपली होती. म्हणजे ज्यांच्या वस्तीत खायचा पिरॅमिड ढासळला, त्यांच्याच मुखातली भाषा पुढे त्याचे नाव वाचावयाला उपयोगी पडली. चौदाशे वर्षांहून अधिक काळ जगात ज्या अक्षरांचा अर्थ लावणारा कोणी नव्हता, ती अक्षरे अंगावर वागवीत त्या मातीच्या विटा टेकडीच्या ढिगाऱ्यात पडून होत्या.