दिवा विझला, दोष राहिला

गिरण्यांची धुरांडी ही एके काळी लालबाग-परळची ओळख होती. १९७० च्या दशकात केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईची हवा आणि नागरिकांचे श्वसनविकार यांचा संबंध तपासला, तेव्हा त्या अभ्यासात लालबागचाही समावेश होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. मात्र दादरपासून भायखळ्याकडे जाणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर मोटारींची रांग वाढतच गेली. धुरांड्याचा धूर निदान उंचावर तरी सुटत असे. मोटारीचा धूर पदपथावरून शाळेत निघालेल्या मुलाच्या नाकाशी सुटतो.

या धुरावर शासनाने आणि न्यायालयाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करण्यात आले. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्यातून जुन्या टॅक्सी नैसर्गिक वायूकडे वळल्या. एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना ‘भारत स्टेज सहा’चे मानक लागू झाले. कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी अशा रीतीने उत्तरोत्तर स्वच्छ होत गेली. प्रश्न आहे तो पुढील दहा-पंधरा वर्षांचा. त्या काळात गाडीची स्वच्छता कारखान्यावर नव्हे, तर गल्लीतील गॅरेजवर अवलंबून असते.

कन्व्हर्टर म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेली एक वीट. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. त्या थराशी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायूंत होते. विटेच्या आधी एक व नंतर एक असे प्राणवायू मोजणारे दोन सेन्सर असतात. दुसऱ्या सेन्सरचे मापन पहिल्यासारखेच वरखाली होऊ लागले, की वीट निकामी झाल्याचे अनुमान गाडीतील संगणक काढतो आणि चालकासमोर इंजिनाचा पिवळा दिवा लावतो.

येथेच निदानाची खरी कसोटी असते. संगणकातील संकेतांक कोणती मर्यादा ओलांडली गेली एवढेच सांगतो. ती का ओलांडली गेली, हे शोधणे मेकॅनिकचे काम. प्लग किंवा कॉइल बिघडून एखाद्या सिलिंडरमधील इंधन जळले नाही, तर ते कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि वीट वितळवते. इंजिन ऑइल जाळत असेल, तर त्याची राख विटेवर बसते. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या पाइपला तडा असेल, तर बाहेरची हवा आत शिरून मापनच खोटे ठरते. म्हणून आधी गळती, मग प्लग व कॉइल, मग इंजेक्टर व ऑइल, त्यानंतर सेन्सर आणि सर्वांत शेवटी कन्व्हर्टर, हाच तपासणीचा योग्य क्रम होय. मूळ कारण तसेच ठेवून महागडा नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही काही महिन्यांत जुन्याच्याच वाटेने जातो.

प्रत्यक्षात मात्र दिव्यालाच रोग मानले जाते. संकेतांक पुसला की दिवा विझतो, गाडी घरी जाते आणि थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा लागतो. कोणी आतील वीट फोडून रिकामी नळी ठेवतो. उत्पादकाने दिलेल्या रचनेत असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. परंतु बंद डब्याच्या आत कोण पाहणार?

पीयूसी तपासणी हे पाहील, अशी नागरिकाची स्वाभाविक अपेक्षा असते. वस्तुतः पेट्रोल गाडीच्या या तपासणीत मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजले जातात आणि तेही गाडी उभी असताना. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे मापन त्यात नाही. संगणकातील दोषनोंदही वाचली जात नाही. परिणामी दिवा जळत असलेल्या गाडीलाही वर्षभराचे प्रमाणपत्र मिळू शकते. तपासणी निरुपयोगी नव्हे; ती अपुरी आहे.

पेट्रोल-डिझेलच्या गाड्या मुंबईतून टप्प्याटप्प्याने हटवता येतील काय, याचा विचार करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या आदेशावरून राज्य शासनाने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. तो प्रश्न दूरच्या पल्ल्याचा आहे. जवळचा उपाय त्या मानाने साधा आहे. पीयूसी केंद्रावर दोषनोंद वाचली जावी, ती नुकतीच पुसली आहे काय हेही पाहावे आणि गॅरेजने बिलावर बदललेल्या भागासोबत बिघाडाचे कारणही लिहावे. परळच्या रुग्णालयांत कोणताही डॉक्टर केवळ ताप उतरला म्हणून रोग्याला बरा ठरवीत नाही. त्याच रुग्णालयांच्या दारावरून जाणाऱ्या मोटारींना वेगळा न्याय का असावा?