रंगाची सनद

जळगावच्या एका व्यापारी संकुलाच्या तळमजल्यावर, जेथे भर दुपारीही विजेचा दिवा लावल्याखेरीज समोरच्याचा चेहरा नीट ओळखू येत नाही, अशा एका गाळ्यात मी मध्यंतरी तासभर बसून होतो. गाळेदार पूर्वी लग्नपत्रिका छापी, पुढे निवडणुकांचे फलक छापू लागला आणि अलीकडे वर्षातील सहा-सात महिने तो खेळाडूंच्या जर्सी छापून देतो. माझ्यादेखत अमळनेर तालुक्यातील एका खेड्याची पाच-सहा मुले आली. फुटबॉलच्या पंधरा जर्सींचा ‘सेट’ त्यांना हवा होता. गळा गोल असावा हे ठरले, पाठीवरचे आकडे आणि नावे ठरली, दरावरून रीतसर घासाघीसही झाली. घोडे अडले ते रंगापाशी. गाळेदाराने पडद्यावर निळा रंग दाखविताच त्यांतला थोरला मुलगा जवळजवळ दचकून म्हणाला, “हाऊ रंग नको भाऊ, तो त्यासना शे!”

‘ते’ म्हणजे शेजारच्या गावचे. त्यांनी मागल्या हंगामात निळा सेट शिवून घेतला होता, एवढाच काय तो त्यांचा निळ्या रंगावरील हक्क. जमिनीच्या कज्जात परक्याच्या जागेवर मालकी सांगावयाची तर बारा वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. येथे एका हंगामाची वहिवाट पुरली होती, आणि विशेष म्हणजे प्रतिपक्षानेच ती मुकाट्याने मान्य केली होती. रंगाची ही सनद कोण देतो, केव्हा देतो आणि तिच्यावर मोहर कोणाची असते, या विचाराने मला त्या तासाभरात घेरले, व पुढे बरेच दिवस सोडले नाही.

प्रथम त्या ‘जर्सी’ शब्दाचीच गंमत पाहावी. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या खाडीत जर्सी नावाचे एक चिमुकले बेट आहे. तेथील कोळी अंगात लोकरीचा विणलेला घट्ट सदरा घालीत, त्याला बेटाचे नाव पडले. आणि त्याच बेटावरची दुभती गाय आज खानदेशातल्या गोठ्यागोठ्यांत बांधलेली आहे. एकाच शब्दाने आमच्याकडे दूधही येते आणि गोलही होतो, परंतु दोहोंचे माहेर एक आहे याची दखल ना गवळ्याला असते ना खेळाडूला.

फुटबॉलच्या आरंभकाळी जर्सी हे संघाचे चिन्हच नव्हते. 1863 साली लंडनमध्ये खेळाचे नियम लिहिले गेले तेव्हा खेळाडू ज्याच्या त्याच्या घरच्या सदऱ्यानिशी मैदानात उतरत, आणि आपला कोण व परका कोण हे डोक्यावरच्या टोपीवरून किंवा अंगावरून तिरप्या घेतलेल्या पट्ट्यावरून ओळखावे लागे. ज्या मुलखात माणसाचा पक्ष त्याच्या टोपीवरून ओळखण्याची चाल दीर्घकाळ होती, त्या मुलखातल्या वाचकाला याचे नवल वाटू नये. 1865 साली नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा संघ स्थापन झाला तेव्हा संस्थापकांनी ठराव करून जो तांबडा रंग घेतला तो इटलीच्या गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांचा, म्हणजे आमच्या देशभक्तांच्या दोन पिढ्यांनी ज्याचे चरित्र भक्तिभावाने वाचले त्या वीराचा. आणि त्या ठरावानुसार त्यांनी विकत घेतल्या त्या डझनभर तांबड्या टोप्या, सदरे नव्हेत! पुढे 1886 साली वुलिच येथील सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यातील कामगारांनी एक संघ काढला, त्यांच्यापाशी पैसा नव्हता, तेव्हा फॉरेस्टनेच त्यांना आपले तांबडे सदरे देऊ केले. तोच आजचा आर्सेनल. वरणगाव-भुसावळच्या आयुध कारखान्यांच्या परिसरात वाढलेली मुले आज आर्सेनलची तांबडी जर्सी घालून हिंडतात तेव्हा, त्यांना ठाऊक नसले तरी, ती नात्यातल्याच माणसांची वस्त्रे घालीत असतात. भुसावळकरांना तर दुसरेही एक नाते सांगता येईल: दक्षिण अमेरिकेत उरुग्वे देशातला पेन्यारोल हा विख्यात संघ 1891 साली रेल्वेच्या नोकरांनी स्थापिला, आणि त्याचे काळे-पिवळे पट्टे हे त्या रेल्वेचेच रंग होत.

रंग निवडला जातो असे आपण म्हणतो, पण दप्तर उघडून पाहावे तर बहुतेक ठिकाणी तो लाभलेला, उसना घेतलेला किंवा निरुपायाने पत्करलेला आढळतो. स्पेनमधील बिल्बाओच्या संघाचा माणूस इंग्लंडमध्ये निळे-पांढरे सदरे आणावयास गेला, ते मिळेनात, बोटीची वेळ झाली, म्हणून साउदॅम्प्टन बंदरात मिळाले ते तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे घेऊन तो परतला. त्याच सदऱ्यांवरून माद्रिदच्या आत्लेतिकोने आपला वेष घेतला आणि त्या संघाला ‘गादीवाले’ असे टोपणनाव मिळाले, कारण तेथे गाद्यांचे कापड तशाच पट्ट्यांचे असे. इटलीतील जुव्हेंटसची कथा तर मला विशेष प्रिय आहे, आणि तिचे कारण खाजगी आहे.

धुळ्याला शाळेत असताना आम्ही पांझरेच्या काठावर फुटबॉल खेळत असू. एका वर्षी आंतरशालेय सामन्यांसाठी गणवेष हवा म्हणून वर्गणी काढून पांढरे गंजीफ्रॉक आणले आणि तांबड्या रंगाची पुडी आणून एका मित्राच्या परसात, त्याची आई माहेरी गेली आहे हे पाहून, घंगाळात ते रंगविले. वाळल्यावर काय दिमाख होता! परंतु सामना श्रावणातला. पहिल्या पंधरा मिनिटांत सर आली, रंगाचे ओघळ चड्ड्यांवरून मोज्यांत उतरले, आणि मध्यंतरापर्यंत आम्ही अकराजण फिकट गुलाबी होऊन उभे होतो. पुडी देणाऱ्या दुकानदाराने मीठ घालून उकळावयास सांगितले नव्हते, असा आमचा दावा. आम्ही ऐकले नाही, असा त्याचा. पुढे कित्येक वर्षांनी वाचनात आले, की जुव्हेंटसचा संघही आरंभी गुलाबी सदऱ्यांतच खेळे; ते धुऊन धुऊन इतके विटले, की 1903 साली त्यांनी एका इंग्रज सहकाऱ्यामार्फत नॉटिंगहॅमहून नवे सदरे मागविले, आणि आले ते तेथल्या नॉट्स काउंटीचे काळे-पांढरे पट्टे. जगभर ज्या पट्ट्यांसाठी माणसे भांडतात ते, थोडक्यात, एका फसलेल्या रंगाईचे फळ आहे. आमच्या बाबतीत मात्र नॉटिंगहॅमहून काही आले नाही.

पक्क्या रंगाचा हा प्रश्न खानदेशाला नवा नाही. येथील शेतकरी पूर्वी आल नावाचे झुडूप लावीत; त्याच्या मुळांच्या सालीतून तांबडा रंग निघे, आणि फैजपूरच्या रंगाऱ्यांची कीर्ती त्या रंगावर व निळीवर उभी होती. 1856 साली पर्किन या इंग्रज तरुणाने डांबरापासून जांभळा रंग काढला आणि पुढील बारा-तेरा वर्षांत जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेचा तांबडाही प्रयोगशाळेत सिद्ध केला. त्या स्वस्त तांबड्यापुढे आलीचे मळे तगले नाहीत. फुटबॉलचे रंगीत संघ उदयास आले ते नेमके याच काळात. आमच्या रंगाऱ्याच्या भट्ट्या विझत असता मँचेस्टरच्या कामगाराला रविवारच्या सदऱ्याइतकाच परवडणारा तांबडा सदरा मिळू लागला, या दोन घटना एकाच जमाखर्चाच्या दोन बाजू होत असे मी मानतो.

1885 साली इंग्लंडात वेतन घेऊन खेळण्यास मान्यता मिळाली आणि सदरा खेळाडूच्या घरातून निघून संघाच्या कोठारात गेला. मग कायदा आला. 1890 च्या सुमारास तेथील लीगने प्रत्येक संघाने आपला रंग नोंदवावा आणि दोघांचे रंग सारखे नसावेत असा हुकूम काढला. तो टिकेना, तेव्हा प्रत्येकाने दुसरा एक संच बाळगावा असे ठरले. रंग जुळले तर बदलावयाचा कोणी? प्रारंभीच्या नियमाने यजमानाने! पाहुण्याला त्याच्या वस्त्रात मान द्यावा आणि आपण दुसरे नेसावे, हा अतिथिधर्म 1921 पर्यंत चालला. मग नियम उलटला, आणि तेव्हापासून पाहुणाच गाठोड्यात दुसरा संच घेऊन फिरतो. 1978 च्या विश्वचषकात अर्जेंटिनात फ्रान्स आणि हंगेरी हे दोन्ही संघ पांढरेच सदरे घेऊन मैदानावर आले, तेव्हा फ्रान्सच्या खेळाडूंनी एका स्थानिक संघाचे हिरवे-पांढरे पट्ट्यांचे सदरे मागून आणून सामना पुरा केला. गोलरक्षकाला वेगळा रंग 1909 पासून सक्तीचा झाला. पाठीवरचे आकडे इंग्लंडच्या लीग सामन्यांत 1928 साली प्रथम दिसले, आणि 1939 पर्यंत लीगने ते सर्वांना लागू केले नव्हते.

आपल्याकडे हा खेळ पलटणींबरोबर आला. मुंबईचा रोव्हर्स चषक 1891 पासूनचा, आणि आरंभीची वर्षानुवर्षे तो गोऱ्या पलटणींच्याच घरी राही. 1937 साली बंगळूरच्या मुस्लिम संघाने तो प्रथम हिंदी हाती आणला. कलकत्त्यात 1911 च्या 29 जुलै रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा पराभव करून शील्ड जिंकली, तेव्हा त्यांच्या अंगात हिरवी-किरमिजी जर्सी होती आणि एका खेळाडूचा अपवाद सोडता पायांत काही नव्हते. गणवेषाचा विचार आपल्याकडे दीर्घकाळ कमरेच्या वरच संपत असे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्येही आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले व फ्रान्सशी 2-1 असे थोडक्यात हरले; 1952 साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने दहा गोल चढविले, तेव्हा कोठे बूट सक्तीचे झाले. 1920 साली निघालेल्या ईस्ट बंगालचा तांबडा-सोनेरी रंग चौरंगीवरच्या व्हाइटअवे लेडलॉ या साहेबी दुकानात टांगलेल्या सदऱ्यांवरून घेतला, असे त्या संघाच्या इतिहासात सांगतात. म्हणजे येथेही तेच: दुकानात जे होते ते. शतकानंतर त्या दोन रंगांसाठी कलकत्त्यात घरे विभागली जातात. आणि 1998 साली एकाच मद्यसम्राटाने दोन्ही संघांत निम्मी भागी घेऊन एकाला ‘मॅकडॉवेल’ व दुसऱ्याला ‘किंगफिशर’ असे उपपद लाविले, तरीही घरे विभागलेलीच राहिली.

विचारपूर्वक, स्पर्धा लावून निवडलेला रंग मला एकच मोठा आठवतो. 1950 साली रिओत उरुग्वेकडून हार खाल्ल्यावर ब्राझीलला आपला पांढरा वेष अपशकुनी वाटू लागला. 1953 साली एका वृत्तपत्राने राष्ट्रध्वजातील चारही रंग असलेला गणवेष सुचविण्याची स्पर्धा ठेवली आणि ती आल्दिर श्ली या एकोणीस वर्षांच्या सीमेवरच्या तरुणाने जिंकली. पिवळा सदरा, हिरवी कड, निळी चड्डी, पांढरे मोजे. हा श्ली मनाने उरुग्वेचा पाठीराखा होता, हा त्या कथेतला मीठमसाला.

रंगशास्त्राची घमेंड किती धरावी याचा दाखला 1996 चा आहे. मँचेस्टर युनायटेडने मोठ्या हौसेने करड्या रंगाचा नवा सदरा काढला. साउदॅम्प्टनच्या मैदानावर त्यांना मध्यंतरापर्यंत तीन गोल बसले, तेव्हा गर्दीच्या पार्श्वभूमीवर आम्हांला आमचीच माणसे दिसत नाहीत असे म्हणून संघाने कपडे बदलले, आणि उत्तरार्धात एक गोल केला. तो सदरा पुन्हा कोणी घातला नाही.

यानंतरचा इतिहास जाहिरातींचा आहे आणि तो मला फारसा रमवीत नाही. 1973 साली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगने एका मद्याचे हरिणचिन्ह छातीवर घेतले, आणि तेव्हापासून छाती भाडेपट्ट्याने जाऊ लागली. आमच्या मुंबईत निदान कापड विणणारेच खेळत: मफतलाल, ऑर्के यांसारख्या गिरण्यांचे संघ कूपरेजच्या मैदानावर उतरत.

गिरणी म्हटले की मन पुन्हा खानदेशात येते. अमळनेरची प्रतापशेठांची गिरणी, जळगावची खानदेश मिल यांचे भोंगे आता वाजत नाहीत. कापूस मात्र अजून पिकतो, आणि दिवाळीनंतर जिनिंगच्या दारांत गाड्यांच्या रांगा लागतात. त्या कापसाचा एक धागाही त्या मुलांच्या जर्सीत असणार नाही. कारण शास्त्रीय आहे: सुती धागा हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांपर्यंत धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही, म्हणून घामाने सुती सदरा जड होऊन अंगाला बिलगतो आणि पॉलिएस्टरचा फडफडत राहतो. दुसरे कारण त्या गाळ्यातल्या यंत्रात आहे. सब्लिमेशनची शाई आधी कागदावर छापतात, तीही उलटी, आरशातल्यासारखी. तो कागद पांढऱ्या कापडावर ठेवून सुमारे दोनशे अंश उष्णतेच्या तव्याखाली मिनिटभराच्या आत दाबला, की शाई वितळण्याची पायरी गाळून थेट वाफ होते आणि धाग्याच्या पोटात शिरते. पॉलिएस्टर तिला आत घेतो. कापूस घेत नाही. सुती गंजीवर हाच खटाटोप केला तर पहिल्याच धुण्यात तो पुसट होईल, आणि मला पांझरेकाठचा तो सामना पुन्हा पाहावयास मिळेल.

मुलांनी अखेर पिवळा घेतला, काळ्या बाह्यांसह. का, असे मी विचारले, तेव्हा तो थोरला म्हणाला की पिवळ्याचा कागद आज छापून तयार होता, निळ्याऐवजी दुसरा काही हवा असता तर मंगळवारी पुन्हा यावे लागले असते, आणि एस्.टी.चे जाण्यायेण्याचे भाडे कोण देणार. गाळेदाराने तवा खाली आणला, थोडे थांबून उचलला आणि कागद सोलून बाजूला टाकला. कोपऱ्यात तशा कागदांचा ढीग होता. त्यांवर फिकट झालेले उलटे आकडे आणि उलटी नावे अजून वाचता येत होती. संध्याकाळी शेजारचा भजीवाला तो ढीग मागावयास येतो, पण शाईच्या भीतीने आपण तो देत नाही, असे गाळेदाराने सांगितले. आणि नऊ नंबर कोणाचा ते विचारून पुढचे बाह्यांचे कापड तव्याखाली नीट पसरले.